लूमच्या माडीवरचा समुद्र

भिवंडीतल्या एका माडीवर मी एक समुद्रफूल मारलं आणि त्याचा दोष एका बाईच्या चिमूटभर कुंकवावर ढकलला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझ्या धंद्याबद्दल बरंच कौतुकानं लिहिणार आहे. ते वाचताना वाचकानं माझी बाजू फार घेऊ नये. माशांच्या टाक्या मी उमेदीची सगळी वर्षं बसवल्या. बहुतेक घरांत त्यांनी आनंदच दिला. एका घरातून मी तो काढून घेतला.

मी मुळात काच कापणारा. भिवंडीतच कामतघरला चाळीत राहायचो आणि बाजारातल्या एका दुकानात काचा कापायचो. आरसे, देवांच्या तसबिरी, दुकानांची शोकेस. ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा आमच्या गावात लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागवाल्यांच्या, घरी रंगीत टीव्ही आले, मग व्हिडिओ आले, आणि आता दिवाणखान्यात नवं काय ठेवायचं असा प्रश्न पडला. त्याचं उत्तर म्हणजे माशांची टाकी. तोवर टाक्या लोखंडी अँगलच्या असायच्या, काच लांबी भरून बसवलेली, महिन्याभरात कुठून तरी पाझरणारी. मग सिलिकॉन आलं. काचेला काच थेट चिकटवायची, फ्रेमच नाही. माझा हात काचेवर बसलेला होताच. घरी चार टाक्या केल्या, एकही गळली नाही, आणि मी दुकान सोडलं.

सुरुवातीला सगळं गोड्या पाण्याचं काम. गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. एका घरी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी बोलावणं आलं, "दोन दिवसांपुरते मोठे मासे आणून सोडा, टाकी रिकामी रिकामी वाटते." मी सोडले. पाहुणे आले, पोहे खाल्ले, टाकीसमोर उभे राहिले आणि मुलाच्या काकांनी विचारलं, "हे खायचे का?" लग्न मात्र जमलं. पुढे त्या मुलीच्या सासरीही मीच टाकी बसवली.

आमच्या गावात टाकी बसवायची म्हणजे एक अडचण इतर कुठं नसेल अशी. लूम. खाली गाळ्यात लूम आणि वर माडीवर घर, अशी कितीतरी घरं. दिवसरात्र खटखट चालू, त्यामुळे जमीन थरथरते, भिंत थरथरते, कपाटातले पेले एकमेकांशी बोलत असतात. टाकीतल्या पाण्यावर सतत बारीक सुरकुत्या. काच थरथरून जोड सुटू नये म्हणून मी टाकीखाली थर्माकोल आणि स्टँडच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घालायचो. बाहेरगावचे लोक विचारत, मासे घाबरत नाहीत का? नाही घाबरत. उलट शुक्रवारी लूमला सुट्टी असली की आमचे मासे दगडाआड जाऊन बसायचे. एवढी शांतता कशाची, असं त्यांना वाटत असावं.

माणसांचंही तसंच. भिवंडीत सगळे मोठ्यानं बोलतात. आयुष्यभर लूमच्या वर आवाज काढून बोलायची सवय. आणि लाईट गेली की सगळे लूम एकदम थांबतात, पण माणसाचा आवाज एकदम खाली येत नाही. वाक्याचा उरलेला तुकडा तसाच मोठ्यानं बाहेर पडतो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. अशानं आमच्या गल्लीतल्या कितीतरी गुप्त गोष्टी फुटलेल्या आहेत.

लाईट गेली की टाकीचा हवेचा पंपही बंद पडतो. म्हणून प्रत्येक घराला मी एक काम लावून दिलेलं होतं. तांब्यानं टाकीतलं पाणी काढायचं आणि वीतभर उंचावरून पुन्हा त्यातच ओतायचं. ओतलेल्या पाण्याबरोबर हवा आत जाते. लाईट येईपर्यंत आळीपाळीनं. पोरं याला 'तांब्या ड्युटी' म्हणायची आणि त्यासाठी भांडायची.

नरेशशेठ माझ्याकडे आले ते दुसऱ्याच कामासाठी. त्यांचे बारा लूम, वर माडी. माणूस सरळ, जेवढ्यास तेवढं बोलणारा. म्हणाले, "विलासभाऊ, तुम्ही काचेत पाणी भरून देता. मला समुद्र भरून पाहिजे."

"मी गोड्या पाण्याचं काम करतो, शेठ."

"मग खाऱ्याचं शिका. माझ्या आईसाठी पाहिजे."

त्यांच्या आईचं नाव हिराबाई. सगळे मावशी म्हणायचे. त्यांचं माहेर अर्नाळ्याचं, अगदी किनाऱ्यावरचं. लग्न होऊन भिवंडीत आल्या, नवऱ्याच्या गाळ्यात वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरल्या, त्या खटखटीत कान निम्मे गेले. पण दर नारळी पुनवेला एसटीनं माहेरी जायचं आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून समुद्राला नारळ द्यायचा, हा नेम कधी चुकवला नव्हता. आता गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढवत नव्हती. गेल्या पुनवेला त्या दिवसभर गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून बसून होत्या, एवढंच नरेशशेठ बोलले.

मी हो म्हणालो. येत काहीच नव्हतं.

क्रॉफर्ड मार्केटात माशांचे एक जुने व्यापारी होते, त्यांच्याकडे खेटे घातले. त्यांनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. टाकीत लोखंड नको, आणि घाई नको. नव्या टाकीत तळाच्या रेतीत न दिसणारे जिवाणू वाढावे लागतात. माशांची घाण ते पचवतात. ते वाढेपर्यंत पाणी नुसतं फिरत ठेवायचं आणि आपण गप्प बसायचं. मी गप्प बसलो नाही. आठवड्यातच मासे सोडले आणि ते मेले. दुसऱ्या खेपेला मात्र थांबलो.

पाणी कुठलं, यावर मावशी ठाम होत्या. "अर्नाल्याचाच पायजे. माझ्या भावाला सांग. खाडीच्या तोंडाचा नको म्हनावं, तो गढूल असतो. होडी आत ने आन तिथला दे."

त्यांच्या भावानं होडी आत नेली. कोरे प्लास्टिकचे कॅन भरून दिले. सोबत लाटांखालचे चार-पाच दगडही दिले, शेवाळ, शिंपले आणि बारीक जीव चिकटलेले. आमच्या भाषेत जिवंत दगड. आज असं काही समुद्रातून उचलताना मी दहादा विचार करीन. तेव्हा कुणाच्याच मनात ते यायचं नाही. टेम्पोतून पाणी आलं तेव्हा मावशी दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी करत जिना उतरून खाली आल्या, एका कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "हा आमचाच हाय."

मला जिभेवर विश्वास ठेवून चालणार नव्हतं. पाण्याचा खारटपणा मोजायचं परदेशी यंत्र मला परवडणारं नव्हतं. पण तबेलेवाल्याकडे दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी असते, लॅक्टोमीटर. समुद्राचं पाणी आणि दूध, दोन्हींचा जडपणा जवळपासचा. ती नळी दुधात जिथं तरंगते त्याच्या थोडी खाली ती चांगल्या समुद्राच्या पाण्यात तरंगते. तबेलेवाला भय्या ती देताना हसून म्हणाला होता, "अब तुम भी दूध बेचोगे क्या?" ती नळी मी शेवटपर्यंत वापरली. नरेशशेठच्या माडीवर ती पाण्यात सोडली तेव्हा मावशींनी विचारलं, "काय म्हनतो? पानी घातलाय का समुद्रात?"

त्या टाकीचं काय वर्णन करू. चार फूट लांब, खाली शिंपल्यांचा चुरा, त्यावर अर्नाळ्याचे दगड, दोन ट्यूबलाईट. प्रवाळ जगवणं तेव्हा आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. पण दगडांवरचे जीव जगले. रात्री कुठूनसा एक बोटाएवढा खेकडा बाहेर यायचा, तो कुणी आणला ते कुणालाच माहीत नव्हतं. तारामासा काचेवर चढायचा. आणि मधोमध समुद्रफूल. फूल म्हणतात, पण तो प्राणी. बुडानं दगडाला चिकटतो आणि वर शेकडो मऊ बोटं हलवत असतो. त्या बोटांना विष असतं. दुसरा मासा शिवला तर अडकतो. फक्त एका जातीच्या माशाला ते काही करत नाही, आणि तो मासा त्यातच घर करतो. केशरी रंगाचा, अंगावर पांढरे पट्टे. मी त्यांची जोडी आणली होती. मावशींनी डोक्यावरचा पट्टा बघितला आणि म्हणाल्या, "मुंडावल्या बांधल्यात." तेव्हापासून ती नवरा-नवरी झाली.

"ह्यातला नवरा कोन?"

"लहान तो नवरा. मोठी ती बायको."

मावशींनी सुनेकडे, सुनंदावहिनींकडे, बघितलं. वहिनी नरेशशेठपेक्षा चांगल्या उंच होत्या. "म्हंजे आपल्या घरासारखाच," मावशी म्हणाल्या, आणि वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

पहिल्या नारळी पुनवेला मला जेवायला बोलावलं. नरेशशेठच्या बहिणी राखी बांधायला आलेल्या, नातवंडांचा गोंगाट, खाली लूमचा. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ टाकीच्या पाण्याला लावला, निरांजन ओवाळलं, आणि चिमूटभर कुंकू पाण्यात सोडलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "चालंल ना रं, काचवाल्या? तुझा मासा शिंकायचा न्हाय ना?"

"चालेल, मावशी," मी म्हणालो. हे मी म्हणालो होतो, आणि पुढच्या वर्षीही म्हणालो. कुंकवाचा धूर व्हावा तशी रेघ पाण्यात उतरायची आणि विरून जायची. मासे तिच्यामागे जायचे, खायचं आहे का बघायचे, परत यायचे. कधीही काही झालं नाही.

त्या टाकीनं माझं नाव झालं. लोक समुद्र बघायला नरेशशेठच्या माडीवर यायचे आणि खाली उतरताना माझा पत्ता विचारायचे. एका हाजीसाहेबांनी तसलीच टाकी बसवून घेतली. थोड्या दिवसांनी निरोप आला, मासे उलटे पोहतायत. धावत गेलो.

"विलासभाई, पानी कम हो रहा था, तो मैंने नमक डाल दिया."

"कितना?"

"अंदाज से. दाल में डालते हैं, उससे जादा. समंदर है ना."

मी समजावलं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी गोड्या पाण्यानंच भरायचं. हाजीसाहेबांनी टाकीत वाकून बघितलं. "मतलब समंदर में मीठा पानी डालूँ?"

"हाँ."

"कमाल का समंदर है," ते म्हणाले. निम्मे मासे वाचले. पुढे हाजीसाहेब इतके पटाईत झाले की मे महिन्यात पाणी तापायला लागलं की स्वतः कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून पिशवीत बांधून टाकीत तरंगत ठेवायचे आणि तिच्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचायचे. म्हणायचे, "इनकी ठंडक में मेरी भी ठंडक."

आता ते सांगतो.

तिसऱ्या वर्षी श्रावण लागल्यावर नवरा-नवरीच्या अंगावर पांढरे ठिपके आले. मीठ भुरभुरल्यासारखे. हा माशांचा रोग आहे आणि सांभाळलं नाही तर मासे जातात. त्यावर औषध मला ठाऊक होतं. मोरचूद. निळे खडे, शेतकरी फवारायला वापरतात ते, म्हणजे तांब्याचाच क्षार. ठाण्यातल्या एका हॉटेलच्या खाऱ्या टाकीत मी ते अगदी थोडं घातलं होतं आणि सगळे मासे बरे झाले होते. मॅनेजरनं मला डॉक्टर म्हटलं होतं. ते डोक्यात गेलेलं. त्या टाकीत फक्त मासे होते, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. नरेशशेठकडे मी तेच मोजून घातलं. कुणाला काही सांगितलं नाही. डॉक्टर काही औषधाचं नाव सांगत बसत नाही.

ठिपके कमी झाले. समुद्रफूल जरा मिटल्यासारखं वाटलं, पण ते कधीकधी मिटतं. दोन-तीन दिवसांत नारळी पुनव आली. मी त्या दिवशी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लूमवरचा कामगार सायकल मारत कामतघरला आला, "सेठने बुलाया है, जल्दी."

माडीवर सगळे उभे होते. बहिणी अजून माहेरीच होत्या. समुद्रफूल आतलं बाहेर होऊन लोळागोळा पडलं होतं, तारामासा रेतीवर उताणा. वास सुटला होता. नवरा-नवरी त्या गोळ्याभोवती फिरत होती, अंग घासायला जात होती आणि परत येत होती. रेतीवर एका कोपऱ्यात कुंकवाचा लाल डाग दिसत होता.

"कशानं झालं, विलासभाऊ?" नरेशशेठनी विचारलं.

मला त्या क्षणी मोरचूद आठवलं. आठवलं नाही असं म्हणता आलं असतं, पण आठवलं. खात्री नव्हती. आणि डोळ्यांसमोर तो लाल डाग होता.

"पाण्यात कुंकू गेलंय," मी म्हणालो.

एवढंच. मग नरेशशेठ आईकडे वळून म्हणाले, "बघ, आई." त्यांचा आवाज चढलाही नव्हता. एक बहीण म्हणाली, "अगं, हल्लीच्या कुंकवात काय काय असतं." मावशींना सगळं ऐकू आलं होतं का, ते कळलं नाही. पण त्यांना समजलं होतं. टाकीशेजारच्या स्टुलावर आदल्या दिवसाचा कुंकवाचा करंडा तसाच होता. तो त्यांनी उचलला, झाकण लावलं आणि आत घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी क्रॉफर्ड मार्केटला गेलो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीबद्दल विचारतोय असं दाखवून विचारलं. व्यापारी म्हणाले, "मोरचूद? फुलाच्या टाकीत? अरे, ज्याला हाड नाही त्या प्रत्येक जिवाला तांबं मारतं. मासा निभावतो, बाकी सगळं संपतं. आणि ते रेतीत, दगडात मुरतं. त्यात दुसरं फूल लावशील तर तेही जाईल."

म्हणजे पहिल्या दिवशी जी चूक होती, ती तिथून पुढे खोटं झाली. आणि एक खोटं दुसरं मागतं. टाकी पूर्ण बदलायला हवी होती. कारण काय सांगणार? "कुंकू रेतीत मुरलंय," मी नरेशशेठना सांगितलं. रेती फेकली. मावशींच्या भावानं दिलेले दगड फेकले. ते गोणीत भरून जिना उतरत असताना मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं नाही आणि मी थांबलो नाही.

खरं का सांगितलं नाही? भीती. माझी सगळी कामं त्या माडीवरून आलेली. शेठ हाकलतील, गावभर होईल. आणि मग दिवस गेले, आणि प्रत्येक दिवसाबरोबर सांगणं जड होत गेलं.

नवी टाकी झकास झाली. नवं फूल आणलं, नवरा-नवरी त्यात शिरली. मी त्या घरासाठी जे केलं ते कुठंच केलं नाही. उन्हाळ्यात न बोलावता बर्फ घेऊन जायचो. लाईट फार वेळ गेली की सायकल काढायचो. नरेशशेठ लोकांना सांगायचे, "विलासभाऊ देवमाणूस आहे." ते ऐकून मी खाली वाकून उगाच पंपाची नळी तपासायचो.

मावशी टाकीजवळ आल्या नाहीत. पूजा बंद झाली. कोच फिरवून घेतला होता, त्यावर टाकीकडे पाठ करून बसायच्या. माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या, "काचवाल्या, चहा घे," म्हणायच्या, त्यात कुठं टोचणी नव्हती. त्यांना स्वतःलाच ते खरं वाटलं होतं. एकदा वहिनी शेजारणीला टाकी दाखवत होत्या. मी रेती साफ करत होतो. वहिनी सहज म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी एकदा कुंकू टाकलं, अख्खी टाकी गेली." शेजारीण हसली. माझं वाक्य माझ्या मदतीशिवाय त्या घरात राहत होतं.

अशी काही वर्षं गेली. नव्वदचं दशक लागून बरंच पुढे सरलं. आणि एका श्रावणात नरेशशेठचा फोन आला. ते कधी नव्हे ते अडखळत बोलत होते. "विलासभाऊ, नवरीनं काहीतरी केलंय. दगडावर. केशरी केशरी."

अंडी. फुलाच्या बुडाशी, दगडावर साफ केलेल्या जागेत, मोहरीच्या दाण्यांएवढी अंडी एकाला एक लागून मांडलेली. बारका नवरा पंखांनी त्यांना वारा घालत होता, तोंडानं एकेक पुसत होता. बायको मधूनमधून येऊन बघून जायची. मी खुर्ची काचेजवळ ओढून बसलो. कोंदट माडीवर, लूमच्या वर, नळाच्या पाण्याला मोताद असलेल्या गावात, समुद्रातल्या जिवांनी हे घर आपलं मानलं होतं. पिल्लं जगवायची अक्कल तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती, हे मला माहीत होतं. तरी आनंद कमी झाला नाही.

"दोन दिवसांनी पुनव आहे," नरेशशेठ म्हणाले. "जेवायलाच या. सगळ्यांना दाखवू."

पुनवेला माडी भरली होती. बहिणी, मेहुणे, नातवंडं, खालचे दोन कामगारसुद्धा वर आलेले. पोरं काचेला नाकं लावून होती. हाजीसाहेब मिठाई घेऊन आले होते आणि नवऱ्याला वारा घालताना बघून म्हणत होते, "ये देखो, मरद क्या क्या करता है. सीखो कुछ." मी अंडी कशी टिकतात ते पाहुण्यांना समजावत होतो. आयुष्यात एवढा खूश मी क्वचित झालो असेन. आणि बोलता बोलता लक्षात आलं की मावशी तिथं नाहीत.

त्या स्वयंपाकघरात नारळीभात परतत होत्या. मी दारात जाऊन हाक मारली. "मावशी, चला ना. नवरीनं अंडी घातलीत. तुमच्या नवरीनं."

"बघितला मी," त्या म्हणाल्या. "लांबनं बघितला."

"जवळून बघा. नवरा वारा घालतोय."

त्यांनी उलथनं थांबवलं नाही. "नको. माझा हात वंगाल हाय त्यांना. मी जवल गेले आन काय झाला तर? पोरं एवढी खूश हायत."

मी तिथंच उभा राहिलो. त्यांच्या कुंकवात काही नव्हतं, हात चांगला होता, आणि मी त्यांना इतकी वर्षं स्वतःच्या हाताला घाबरायला शिकवलं होतं. मी आत गेलो, हळू आवाजात म्हणालो, "मावशी, ते कुंकवानं झालं नव्हतं."

"काय?"

खाली बाराही लूम चालू होते. मी जरा मोठ्यानं म्हणालो.

"ऐकू येत न्हाय रं. मोठ्यानं बोल. काय पायजे? भात पायजे?"

मला वाटलं, पुन्हा राहू द्यावं. मग त्यांनी उलथनं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि कानामागे तळहात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी लूमच्या वर आवाज काढला. "ते फूल तुमच्या कुंकवानं मेलं नव्हतं. मी मोरचूद घातलं होतं, माझ्या औषधानं मेलं..."

आणि लाईट गेली.

बाराही लूम एकदम थांबले, पण माझं वाक्य थांबलं नाही. "...आणि मी तुमच्यावर ढकललं," हे शब्द माडीभर, जिन्यावरून खाली गाळ्यापर्यंत गेले. मी मागे वळून बघितलं तर नरेशशेठ दारात होते आणि त्यांच्यामागे वहिनी.

कुणी काही बोलायच्या आत पोरं ओरडली, "पंप बंद पडला, तांब्या, तांब्या." नवऱ्याचा वारा अंड्यांना पुरला नसता. मी धावलो. तांब्या घेतला आणि पाणी ओतायला लागलो. निम्मं पाणी माझ्याच शर्टावर पडत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. गल्लीत कुठं तरी एक बाई रेडिओ लावल्यासारखी मोठ्यानं बोलत होती, तिलाही एकदम कळलं आणि ती गप्प झाली.

मावशी हळूहळू चालत आल्या. कोच, खुर्च्या, पोरं ओलांडून टाकीपाशी आल्या. माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"नीट ओत, काचवाल्या. पोरं घाबरतील आतली." त्यांनी तांब्या बुडवला, उचलला, आणि वीतभर उंचावरून एक सरळ धार सोडली. एक थेंब बाहेर गेला नाही. पाण्यात बुडबुडे उतरले आणि नवऱ्यानं क्षणभर पंख थांबवून वर बघितलं. मावशी काचेवर वाकून बराच वेळ ती अंडी बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मघाशी काय ते बोललास, अर्धा ऐकला मी. आता लूम बंद हायत. आता सांग. ओरडू नको. त्या दिवशी ओरडला न्हवतास. तसाच सांग, आन ह्या सगल्यांना ऐकू जाईल असा सांग."

मी ओला उभा होतो. त्यांचा तांब्या खाली-वर होत होता.

"मावशी, समुद्रफूल मी मारलं," मी म्हणालो. "रोग गेला पाहिजे म्हणून न विचारता मोरचूद घातलं, आणि सगळ्यांसमोर तुमच्या कुंकवाचं नाव घेतलं. आठवड्याभरात मला खरं कळलं होतं. तरी मी तुमच्या भावाचे दगड फेकले, तुमची पूजा बंद पडू दिली आणि इतकी वर्षं तुमच्या हातचा चहा पीत राहिलो. तुमच्या कुंकवात काही नव्हतं. तुमचा हात चांगला आहे. मला माफ करा."